पेटी, ताट आणि शेजारची खाट

जूनच्या मध्यावर सातपुड्यात पहिला पाऊस पडून गेलेला असतो आणि धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या बसस्थानकांवर पत्र्याच्या पेट्या दिसू लागतात. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या खांद्यावर, तर काही जीपच्या टपावर एकीवर एक रचलेल्या. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि इयत्ता. आत दोन गणवेश, साबणाची वडी, खोबरेल तेलाची बाटली, आरसा-कंगवा आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा. पेटीमागे चालणारी मुलगी कधीकधी जेमतेम सहा-सात वर्षांची असते. आज रात्री ती आयुष्यात पहिल्यांदा तीस-चाळीस अनोळखी मुलींच्या मधोमध झोपणार असते.

या प्रवासाचं मला फार नवल वाटत आलं आहे. जगात बहुतेक ठिकाणी शिकायला घर सोडायचं वय सतरा-अठरा असतं. अमेरिकेतली छोटी निवासी महाविद्यालयं आपल्या माहितीपत्रकात वर्गांइतकंच खोल्यांचं, भोजनगृहाचं, एकत्र राहण्याचं वर्णन करतात. माणूस वर्गात जेवढा घडतो तेवढाच वर्गाबाहेर, इतरांच्या सहवासात घडतो, यावर त्यांची श्रद्धा असते. नंदुरबार जिल्ह्यातली हजारो मुलं हाच सहवास पहिली-दुसरीपासून घेतात. अनोळखी माणसांबरोबर एका छपराखाली कसं राहायचं, याचं शिक्षण इथे दहा-बारा वर्षं चालतं. त्याचं पुस्तक नाही, परीक्षा नाही. पण ते कसं घडतं हे जवळून पाहिलं, तर तीन साध्या वस्तूंपाशी येऊन थांबावं लागतं: पेटी, खाट आणि ताट.

पाड्यांचा मुलुख

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. 2011च्या जनगणनेत इथल्या दर 100 माणसांमागे 69 अनुसूचित जमातींची होती. हे प्रमाण राज्यात सर्वांत जास्त, आणि साक्षरता सुमारे 64 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. या दोन आकड्यांमधलं नातं कळायला गावाची घडण पाहावी लागते.

तापीकाठच्या सपाटीवरचं गाव भिंतीला भिंत लावून बसलेलं असतं. मधे पार, देऊळ, चावडी. सातपुड्यातली भिल्ल आणि पावरा वस्ती तशी नसते. ज्याचं घर त्याच्या शेतात. एका टेकडीवर दोन घरं, ओढ्यापलीकडे चार, वरच्या धारेवर आणखी तीन. असे अनेक पाडे मिळून महसुली दप्तरात एक गाव होतं. शाळा मधल्या पाड्यात बांधली, तरी कडेच्या पाड्यातल्या मुलाला ओढे आणि चढण ओलांडूनच यावं लागतं, आणि पावसाळ्यात ओढा वाट देत नाही. दिवाळी झाली की अनेक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत निघतात. घराला कडी लागते आणि मूल मागे ठेवायला घरात कुणी उरत नाही. अशा मुलुखात राहायची सोय झाली तरच शाळा टिकते.

ही कल्पना जुनी आहे आणि ती शेजारूनच आली. अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्कर बाप्पा, यांनी 1922मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं आणि भिल्लांच्या मुलांसाठी आश्रम उभे केले. गुरुजी आणि मुलं एकाच आवारात राहतात, एकत्र शेती करतात आणि शिकतात, अशी ती रचना होती. 'आश्रमशाळा' या शब्दातला 'आश्रम' तिथून आलेला आहे.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला आरंभ केला होता. तिथल्या जैन बोर्डिंगात काही काळ राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. साताऱ्यात 1924मध्ये त्यांनी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणि एका पंगतीत आणली. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. महाराष्ट्रात वसतिगृह हा शब्द उच्चारताना ही चूल आठवायला हवी.

आणि खानदेशात साने गुरुजी होते. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांची अंथरुणं आवरणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं ही त्यांना आपली कामं वाटत. त्या छात्रालयासाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. वसतिगृहाचं स्वतःचं वृत्तपत्र! एकत्र राहणाऱ्या मुलांचं एक जग असतं आणि त्या जगातही रोज काहीतरी घडतं, हे त्यांनी किती लवकर ओळखलं होतं. अमळनेर आणि नंदुरबार एकाच सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहेत. शहाद्याच्या परिसरात ज्या संस्थेने उच्च शिक्षण नेलं, तिचं नावही पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळ आहे.

आज राज्यात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे 500 शासकीय आश्रमशाळा आहेत आणि अनुदानित आश्रमशाळा त्याहून थोड्या जास्त. नंदुरबार जिल्ह्याचा कारभार नंदुरबार आणि तळोदा अशा दोन प्रकल्प कार्यालयांतून चालतो. आश्रमशाळेत मुलांचं सगळं जग अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांच्याभोवती फिरतं. पुढे अकरावीला किंवा महाविद्यालयात गेलं की शहरातलं शासकीय वसतिगृह येतं आणि तिथे गृहपाल भेटतात.

खाट

आता त्या चाळीस मुलींच्या दालनात जाऊ. एक साधा हिशेब करून बघा. सहा माणसांच्या घरात दोघादोघांच्या जोड्या होतात 15. चाळीस मुलींच्या दालनात होतात 780. डोंगरावरच्या एकट्या घरातून आलेल्या मुलीसमोर एका रात्रीत 780 नात्यांचं जाळं पसरतं, आणि त्यातली 39 तिची स्वतःची. एवढी नाती कुणालाच पेलत नाहीत. मग मन काय करतं? ते सगळ्यात जवळची खाट निवडतं.

याचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये झाला. युद्धावरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी तिथे दुमजली इमारती होत्या. प्रत्येक मजल्यावर पाच घरं होती. कोणतं घर मिळेल हे कुणी ठरवून घेतलेलं नव्हतं. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी प्रत्येकाला विचारलं की तुमची मैत्री कुणाशी आहे. 1950मध्ये त्यांचं पुस्तक आलं. एकाच मजल्यावर लगतच्या दारातल्या शेजाऱ्याशी मैत्री असल्याचं 41 टक्के जोड्यांत दिसलं. मधे एक दार आलं की प्रमाण 22वर उतरलं आणि मजल्याच्या दोन टोकांना ते 10 राहिलं. दोन टोकांत अंतर तरी किती होतं? शंभर फूटही नाही. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्र जास्त होते, कारण येणारे-जाणारे त्यांच्या दारावरून जात.

किती विलक्षण आहे हे! आपण समजतो की मैत्री स्वभावावर जुळते. स्वभावाचं काम नंतर सुरू होतं. त्याआधी दार, जिना आणि खाट यांनी आपलं काम उरकलेलं असतं.

आश्रमशाळेत तो जिना म्हणजे पाण्याची टाकी. सकाळी तोंड धुवायला, आंघोळीला, कपडे धुवायला, ताट विसळायला सगळ्यांना टाकीशीच यावं लागतं. कोण कुणाच्या पाठीवर पाणी ओततं, कोण कुणाचा साबण वापरतं, कोण कुणाच्या केसांना तेल लावून वेणी घालतं, यावरून दालनातली नाती वाचता येतात. टाकी कुठे बांधायची हे अभियंता जलवाहिनी बघून ठरवतो. तो अजाणता मुलांची मैत्रीही ठरवत असतो.

शेजारच्या खाटेचा परिणाम मैत्रीपुरता थांबत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ या छोट्या निवासी महाविद्यालयात पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना खोलीतला जोडीदार चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिळे. ब्रूस सॅसरडोट या अर्थशास्त्रज्ञाने त्या जोड्यांचा अभ्यास 2001मध्ये प्रसिद्ध केला. जोडीदार कसा आहे याचा परिणाम गुणांवर दिसला, तसाच कोणत्या विद्यार्थी मंडळात जायचं यावरही दिसला. पदवीसाठी कोणता विषय निवडायचा, यावर मात्र दिसला नाही. म्हणजे जोडीदार आपली वाट बदलत नाही, पण त्या वाटेवर आपण कसे चालतो हे बदलतो. रात्री दिवा मालवल्यावर शेजारची मुलगी बॅटरीच्या उजेडात गणित सोडवत असेल, तर या खाटेवरचीही उठून बसते. वर्गातला शिक्षक तास संपला की जातो. शेजारची खाट रात्रभर तिथेच असते.

एका दालनातल्या अनेक भाषा

जिल्ह्याचा नकाशा भाषांनी रंगवला तर तो गोधडीसारखा दिसेल. शहादा-धडगावकडे पावरी, अक्कलकुव्याकडे भिलोरी आणि देहवाली, नवापूरकडे मावची आणि कोकणी, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. गावात राहिलं तर माणूस आपल्या आणि फार तर शेजारच्या भाषेत आयुष्य काढतो. शहरातल्या वसतिगृहात या सगळ्या भाषा एका व्हरांड्यात येतात.

मराठी तिथे सगळ्यांचीच शिकलेली भाषा असते, आणि तिचा एक वेगळाच उपयोग होतो. धडगावची पावरी मुलगी आणि नवापूरची मावची मुलगी पहिल्या दिवशी पुस्तकी मराठीत बोलतात. महिन्याभरात मराठीचा पूल करून त्या एकमेकींच्या भाषेत उतरतात. आधी शिव्या आणि चेष्टेचे शब्द, मग खाण्यापिण्याचे, मग नात्यांचे, आणि शेवटी गाणी. कुणी शिकवत नाही. शिकवायला बसलं असतं तर हे इतकं लवकर झालंही नसतं.

जवाहर नवोदय विद्यालयांनी हीच गोष्ट ठरवून केली. ही योजना 1985-86मध्ये हरयाणातल्या झज्जर आणि आपल्या अमरावतीपासून सुरू झाली. तिथे नववीतल्या सुमारे 30 टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयात पाठवतात. मुलांची सदनं डोंगररांगांच्या नावांची असतात: अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. सातपुड्यातलं मूल अरवलीत राहतं आणि निलगिरीशी कबड्डी खेळतं. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला नवोदय आहे. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचा एक भिल्ल मुलगा सहावीत तिथे आला. पुढे तो डॉक्टर झाला, मग सनदी अधिकारी, आणि 2019मध्ये नंदुरबारचा जिल्हाधिकारी म्हणून परत आला. ते डॉ. राजेंद्र भारूड. त्यांची बुद्धी आणि त्यांच्या आईचे कष्ट यांचं मोल आहेच. पण हुशार मूल आणि मोठं जग यांच्यामध्ये जी पहिली पायरी लागते, ती एका निवासी शाळेने दिली.

ताट

खाट दोघींना जोडते, ताट सगळ्यांना. जेवणाची घंटा झाली की मुलं आपापलं ताट-वाटी घेऊन रांगेत येतात. स्टीलच्या ताटाच्या काठावर नाव कोरलेलं असतं, पण त्यात पडणारा भात, वरण आणि उसळ सगळ्यांची सारखी. कुणाच्या घरी दोन एकर आहे आणि कुणाच्या घरी काहीच नाही, हे त्या रांगेत दिसत नाही. घरून आलेलं आमचूर किंवा शेंगा मात्र हळूच वाटल्या जातात. देण्याघेण्याचं एक वेगळं बारीक शास्त्र तिथे तयार होतं.

हे ताट किती मोलाचं आहे, ते 2018मध्ये सगळ्या राज्याला कळलं. शहरांतल्या शासकीय आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करायचा निर्णय सरकारने घेतला. कागदावर त्यात सोय होती: ज्याला जे आवडेल ते त्याने खावं, ठेकेदाराची कटकट नको. विद्यार्थी मात्र विरोधात उभे राहिले. जुलैमध्ये पुण्याहून नाशिककडे विद्यार्थी पायी निघाले. पैसे वेळेवर येत नाहीत, घरची अडचण दिसली की मूल स्वतः अर्धपोटी राहून पैसे गावी धाडतं, मुलींना रात्री जेवायला बाहेर पडावं लागतं, ही त्यांची कारणं होती.

मला त्या विरोधामागे आणखी एक गोष्ट दिसते. खानावळ गेली की दिवसातून दोनदा सगळ्यांना एकत्र आणणारी एकमेव जागा जाते. कोण आज जेवायला आलं नाही, कोण चार दिवस गप्प आहे, कुणाला पत्र आलं, कुणाला ताप आहे, हे सगळं पंगतीत कळतं. खात्यात जमा झालेली रक्कम जेवण विकत आणते. आज तू का आली नाहीस, हे विचारायला पंगतच लागते.

पाण्याच्या वर

नर्मदेच्या काठी याच जिल्ह्यात आणखी एक प्रयोग झाला, आणि तो मला सर्वांत थक्क करतो. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली 33 गावं येणार होती. ज्या गावांना सरकारच बुडीत म्हणत होतं, तिथे शाळा कोण चालवणार? नर्मदा बचाव आंदोलनातल्या गावकऱ्यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे स्वतःच्या निवासी शाळा सुरू केल्या. त्यांना नाव दिलं जीवनशाळा. मग मणिबेली आणि काठावरच्या इतर गावांतही त्या उभ्या राहिल्या.

पहिल्या शाळा म्हणजे लाकडाच्या खांबांवर उभ्या बांबूच्या कुडाच्या झोपड्या होत्या. गावाने लाकूड दिलं, धान्य दिलं, हात दिले. भिल्लांमध्ये लाह नावाची रीत आहे. एकाच्या घराला किंवा शेताला सगळ्यांनी मिळून हात लावायचा, मजुरी घ्यायची नाही, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या कामाला जायचं. जीवनशाळा म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठी केलेली लाहच. शिक्षक त्याच गावांतले होते. पावरी-भिलोरीत वाचनाची पुस्तकं तयार झाली. जंगलातली झाडं, मासे, देवांच्या गोष्टी हे शाळेचे विषय झाले. दरवर्षी सगळ्या जीवनशाळांचा बालमेळा भरतो आणि मुलं धावतात, खो-खो खेळतात, तीर मारतात.

धरणाची उंची वाढत गेली, पाणी चढत गेलं. शाळेच्या झोपड्या बुडाल्या, आणि मुलांनी-गावकऱ्यांनी त्या वरच्या उतारावर पुन्हा बांधल्या. सप्टेंबर 2019मध्ये जलाशय पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. वसतिगृह म्हणजे इमारत असती, तर ते तेव्हाच संपलं असतं. पण एकत्र झोपलेली, एका चुलीवर जेवलेली मुलं जिथे जातील तिथे त्यांची शाळा त्यांच्याबरोबर जाते.

रात्रीचा पहारा

या सगळ्याची काळी बाजू झाकून ठेवणं हा मुलांशी अन्याय होईल. आश्रमशाळांमध्ये साप-विंचू चावून, तापाने, वेळेवर दवाखाना न मिळाल्याने मुलं गेली आहेत. 2016मध्ये डॉ. सुभाष साळुंके यांच्या समितीने आश्रमशाळांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो उगीच नाही. आईबाप मूल सोपवतात तेव्हा त्यांनी आपलं सर्वस्व सोपवलेलं असतं. त्याची जबाबदारी पत्र्याच्या छपरापेक्षा खूप मोठी आहे.

इथेही शेजारची खाट कामाला येते. या पट्ट्यात सिकलसेलचा आजार बराच आहे. त्यात तांबड्या पेशी कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. थंडी, तहान, ताप यांनी दुखणं उसळतं. ते रात्री उसळलं तर पहिल्यांदा कुणाला कळतं? अधीक्षिकेला नाही, डॉक्टरला तर नाहीच. पलीकडच्या खाटेवरच्या दहा वर्षांच्या मुलीला कळतं. ती उठते, पाणी देते, दार वाजवते. म्हणून प्रत्येक निवासी शाळेत पहिला धडा हा असावा: शेजारणीचं दुखणं कसं ओळखायचं आणि कुणाला उठवायचं. आणि दार वाजल्यावर ते उघडणारं मोठं माणूस तिथे असायलाच हवं.

पेटी परत घरी

फाल्गुनात वसतिगृहं ओस पडतात. होळीला सातपुड्यात कुणी कुणाला अडवू शकत नाही. काठी गावच्या होळीला रात्रभर ढोल वाजतात, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या नाचतात आणि पहाटे होळी पेटते. वर्षभर एका रांगेत, एका गणवेशात राहिलेली मुलं त्या रात्री आपापल्या पाड्याची होतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जे वसतिगृह मुलाला होळीला घरी जाऊ देतं, त्याच वसतिगृहात मूल होळीनंतर परत येतं.

मग मे येतो. पेटी पुन्हा जीपच्या टपावर चढते, आता रंग उडालेला, एक कोपरा चेपलेला. धडगावच्या डोंगरात हे आमचूरचे दिवस असतात. घराघरांत कच्च्या कैऱ्यांचे ढीग पडलेले, साल काढायला सगळ्यांचे हात. मुलगी आईशेजारी बसते, कैरी सोलते आणि बोलता बोलता तिच्या तोंडून असा एखादा शब्द निघतो, जो त्या पाड्यात आजवर कुणी ऐकलेला नसतो.

आई हात थांबवून विचारते, हा कुठला शब्द?

मुलगी हसते. तो नवापूरचा आहे. तो शेजारच्या खाटेवरून आला आहे.